आपल्याच कापसाची चोरी

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीच्या दक्षिणेला पैनगंगा नदी. पलीकडे आदिलाबाद, आज तेलंगणात, आजोबांच्या उमेदीत आंध्रात. त्यांच्या गोष्टींत ही नदी नेहमी रात्रीच यायची. बैलांच्या घंट्यांना चिंध्या बांधून बंड्या पाण्यात घालायच्या. बंडीत कापूस, तोही स्वतःच्या वावरातला. "आपलाच माल, अन् आपनच चोर!" आजोबा म्हणत.

महाराष्ट्राने 1971 मध्ये कायदा करून कापसाची एकाधिकार खरेदी आणली. व्यापाऱ्याच्या कचाट्यातून शेतकरी सोडवायचा, त्याला हमीभाव द्यायचा, हा हेतू चांगलाच होता. पण सरकारी यंत्रणेशिवाय इतरांना कापूस विकणं गुन्हा ठरलं. केंद्रावर पाळी येईपर्यंत आजोबा बंडीखाली झोपत. ग्रेडर कापसात कोपरापर्यंत हात घाली, मूठभर ओढून काढी. पिवळट झाक दिसली की प्रत उतरलीच. चुकारा हप्त्याहप्त्याने येई. तोवर सावकाराचं व्याज थांबत नसे. म्हणून पलीकडे भाव चढला की माणसं नदीत उतरत. पकडलेल्या शेतकऱ्यासाठी कायद्यात कलम होतं. रखडलेल्या चुकाऱ्यापायी बुडालेला हंगाम मात्र कोणी भरून दिला नाही. तोट्यात रुतलेली ही मक्तेदारी 2002 पासून सैल झाली.

मग 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. यवतमाळ त्यात होताच. त्यातून निम्म्या अनुदानावर संकरित गाई आल्या. कोरडवाहू मुलखात त्यांना हिरवा चारा, ढेप आणि मुबलक पाणी द्यायचं कुठून? "मानसाले प्याले पानी नाही, गाईले कुठलं?" आजीचा हा प्रश्न योजना आखताना कुणी विचारला असता, तर पुढे गाई विकायची पाळी अनेकांवर आली नसती.

सरकारी यंत्रणेला जाब विचारता येतो, हेही नदीपलीकडच्याच राज्याने दाखवलं. राष्ट्रीय बियाणे महामंडळाचं बियाणं सदोष निघालं, तेव्हा अविभाजित आंध्रातले शेतकरी ग्राहक मंचात गेले. शेतकरी ग्राहक नाहीत, हा महामंडळाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये फेटाळला आणि भरपाई कायम ठेवली. बियाण्याच्या पिशवीला हा न्याय लागतो, तर योजनेलाही लागला पाहिजे. निधीचा आकडा छापतात त्याच शासन निर्णयात लिहा: योजना फसली तर शेतकऱ्याचं नुकसान कोण भरून देणार, आणि किती दिवसांत. कायद्याने आजोबांना बांधलं होतं. आता सरकारनेही स्वतःला तितकंच बांधून घ्यावं.