घन इंधनाच्या रेट्याची कुळकथा

घन इंधनाच्या अग्निबाणात जळणारे द्रव्य आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारे द्रव्य एकाच घट्ट मिश्रणात असतात, त्यामुळे ज्वलनाला बाहेरची हवा लागत नाही. मिश्रण पेटले की नळीत तप्त वायूचा दाब वाढतो. पुढच्या भिंतीवर हा दाब पडतो. मागचे तोंड मात्र उघडे असल्याने त्याला तोलणारे तिथे काही नसते. वायू मागे सुटतो, नळी पुढे रेटली जाते. नळी किती दाब सोसते, वायू किती वेगाने बाहेर पडतो आणि एका वेळी किती पृष्ठभाग जळतो, यांवर रेटा ठरतो. या इंजिनाचा इतिहास याच तीन गोष्टींच्या सुधारणेचा आहे.

सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या दारूचे बाण तेराव्या शतकात चीनमध्ये लढाईत वापरले जात. कागदाच्या किंवा बांबूच्या नळीत दाब फार चढू देता येत नसे. अठराव्या शतकात म्हैसूरच्या हैदरअली आणि टिपू यांच्या बाणदारांनी लोखंडी नळी वापरली. ती जास्त दाब सोसत असल्याने बाणाचा पल्ला वाढला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हे बाण इंग्लंडला गेले. त्यांवरून विल्यम काँग्रीव्हने वुलिच येथे आपले बाण घडवले आणि १८०७ मध्ये त्यांचा कोपनहेगनवर मारा झाला.

पुढची सुधारणा तोंडाची. स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने वाफेच्या टर्बाइनसाठी आधी निमुळते आणि मग फाकत जाणारे नोझल योजले होते. गळ्यापाशी वायू ध्वनीचा वेग गाठतो आणि फाकलेल्या भागात प्रसरण पावून त्याहून वेगवान होतो. अमेरिकेत रॉबर्ट गॉडार्डने १९१५ च्या सुमारास असे नोझल पोलादी कक्षाला जोडून त्यात धूरविरहित दारू जाळली. साध्या बाणाची जेमतेम २ टक्के असलेली कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या पुढे गेली.

राहिला मिश्रणाचा प्रश्न. ठासलेल्या दारूला साठवणीत तडे जात. तड्यांमुळे जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढे, दाब उसळे आणि नळी फुटे. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियात जॅक पार्सन्सने डांबर आणि पोटॅशियम परक्लोरेट यांचे ओतता येणारे मिश्रण केले. डांबर मात्र उन्हाने मऊ आणि थंडीने ठिसूळ होई, म्हणून त्याची जागा रबरासारख्या बहुलकांनी घेतली. ऑक्सिजनसाठी अमोनियम परक्लोरेट आले, तर पन्नासच्या दशकात उष्णता वाढवण्यासाठी ॲल्युमिनियमची पूड मिसळली जाऊ लागली.

ओतता येणाऱ्या इंधनात हवी तशी पोकळी ठेवता येते. साधी गोल पोकळी जळता जळता रुंदावते आणि रेटा वाढत जातो. तारकाकृती पोकळीने तो जवळपास स्थिर राखता येतो किंवा ठरल्या वेळी उतरवता येतो. अमेरिकी स्पेस शटलच्या बूस्टरमध्ये पुढच्या खंडाची पोकळी अकरा टोकांच्या तारकेची होती. उड्डाणानंतर सुमारे ५० सेकंदांनी, हवेचा ताण तीव्र असताना, या रचनेमुळे रेटा जवळपास एक तृतीयांशाने उतरे.

भारताच्या एलव्हीएम-३ या अग्निबाणावर प्रत्येकी सुमारे २०० टन इंधनाचे दोन एस-२०० बूस्टर असतात. मधला द्रव इंधनाचा टप्पा आकाशात, सुमारे ११० सेकंदांनी पेटतो. जमिनीवरून उचलण्याचा सगळा रेटा घन इंधनाचाच असतो. द्रव इंधनाचा प्रवाह झडपेने तोडता येतो. घन इंधन एकदा पेटले की संपेपर्यंत जळते. त्यामुळे त्याच्या रेट्याचा चढउतार ओतकामाच्या वेळीच ठरवावा लागतो.