डांगची वाट आणि डांगची 'गोठ'



आपल्या कोसाड-अमरोलीकडच्या मराठी घरांत जोडून सुट्टी आली की ठरलेलं असतं : सापुतारा. वघईवरून घाट चढायचा, तळ्यात बोटिंग, रोपवे, भाजलेलं कणीस, दोन-चारशे फोटो आणि रात्री परत. त्यात वाईट काही नाही, आम्हीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण आज लिहायचंय ते दुसऱ्या रस्त्याबद्दल. बारडोली, व्यारा करत उत्तर डांगच्या जंगलात शिरायचं आणि पूर्णा अभयारण्यातून, महाल गावावरून आहव्याला निघायचं. हा रस्ता नुसता बघण्याचा नाही, ऐकण्याचा आहे. का, ते सांगतो.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर आमच्या सोसायटीतली चौदा माणसं टेम्पो ट्रॅव्हलर करून गेली. सगळी खानदेशची. कोणी शिरपूरकडचं, कोणी शहाद्याचं, कोणी अमळनेरचं. आपण लोक सुरतेत आलो ते तापी खोऱ्याच्या रेल्वेने. सुरत-भुसावळ मार्ग 1900 च्या सुमारास झाला आणि पुढे गिरण्या, मग लूम, मग प्रोसेसिंग, असं करत एकेक घर इकडे सरकलं. उधना, लिंबायत, डिंडोलीत आपली वस्ती दाट. तापीच्या या अंगाला कोसाडला आपण तसे विरळ आलो, पण आता तिसरी पिढी इथली आहे. पोरं शाळेत गुजराती-इंग्रजी बोलतात, मित्रांत हिंदी, घरी मोडकीतोडकी मराठी. आणि अहिराणी? ती आता फक्त आजीशी. तेही आजीने आधी बोललं तर.

महालच्या कॅम्पसाइटवर वाट दाखवायला गावातलाच एक मुलगा घेतला. पंचविशीतला, कोकणा समाजाचा. तो ड्रायव्हरशेजारी बसला आणि गाडी जंगलात शिरली. पावसानंतरचं डांग बघाल तर डोळे निवतात. दोन्ही अंगाला साग, मध्ये बांबूची बेटं, हेद, शिसव, मोह. खाली पूर्णा नदी, रस्ता वळला की दिसते, पुन्हा वळला की झाडीत जाते. उतारावर नागलीची शेतं. डांग जिल्हा तसा छोटा, 1,764 चौरस किलोमीटर, आणि त्यातला बहुतेक भाग जंगलच. पूर्णा अभयारण्य त्यातलं 160 चौरस किलोमीटरच्या आसपास, 1990 साली जाहीर झालेलं.

आमच्यातल्या एकाने उत्साहात म्हटलं, "बघा रे पोरांनो, माणसाचा हात न लागलेलं जंगल!"

गाईड हसला. म्हणाला, "काका, इथल्या सागाला माणसाचे हात लई लागलेत."

आणि खरंच आहे ते. इथला इतिहास थोडा उलगडून सांगायला पाहिजे.

आपल्याला या डोंगरांचा इतिहास म्हटला की पहिली आठवण येते ती शिवाजी महाराजांची, आणि ते साहजिक आहे. 1670 च्या ऑक्टोबरात दुसऱ्यांदा सुरत लुटल्यावर महाराज बागलाणातून मुल्हेरच्या बाजूने परतले, पुढे वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी लढाई झाली. 1672 साली साल्हेरची मोठी लढाई झाली. तो साल्हेर, 1,567 मीटर उंच, डांगच्या पूर्वेच्या हद्दीला लागूनच उभा आहे. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात साल्हेरही आहे. इकडे व्याऱ्यापुढचं सोनगड म्हणजे गायकवाडांचं बडोद्याच्या आधीचं ठाणं. पिलाजीराव गायकवाडांनी तिथूनच गुजरातेत पाय रोवले. म्हणजे या डोंगरांच्या चारी बाजूंनी मराठ्यांचा इतिहास आहे. पण डोंगरांच्या आत? आत राज्य होतं भिल्ल राजांचं. गाढवी, आमाला म्हणजे लिंगा, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी ही त्यांची पाच राज्यं. मैदानातल्या गावांकडून हे राजे 'गिरास' नावाचा हक्काचा वाटा घ्यायचे, दिला नाही तर धाड. गायकवाडांच्या गावांनाही आणि खानदेशातल्या गावांनाही ते चुकलेलं नव्हतं.

इंग्रजांनी खानदेश घेतल्यावर 1830 साली जेम्स औट्रम फौज घेऊन डांगात शिरला. त्यानंतर 1842 साली इंग्रजांनी राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं. कशासाठी? सागासाठी. मुंबईला जहाजं बांधायची होती, पुढे रेल्वे आली. सयाजीरावांच्या काळात बिलिमोऱ्याहून वघईकडे 63 किलोमीटरची छोटी गाडी धावली, तीही लाकूड बाहेर काढण्यासाठीच. (ती अजून आहे बरं का. 2020 च्या अखेरीस बंद करायचं ठरलं होतं, लोकांनी आवाज केला आणि 2021 साली पुन्हा सुरू झाली.) मग जंगलाची मोजणी झाली, हद्दी पडल्या, कुठलं झाड तोडायचं नाही, कुठे नांगर घालायचा नाही याचे नियम आले. फांद्या जाळून त्या राखेत पेरायची जुनी शेती आवळत गेली.

त्या भाड्याचा धागा आजही तुटलेला नाही. दरवर्षी होळीच्या आधी आहव्याला 'डांग दरबार' भरतो आणि पाच राजांना सरकारकडून सालियाना मिळतो. देशातल्या बाकी सगळ्या संस्थानिकांचे तनखे 1971 साली बंद झाले, डांगच्या राजांचे चालू राहिले, कारण तो मुळात जंगलाचा मोबदला आहे.

आता मुख्य गोष्ट. गाडी एका वळणावर थांबली होती. आमच्यातल्या एक आजी, वय अठ्ठ्याहत्तर, सुनेला विचारून विचारून दमल्या होत्या की हा पोरगा काय सांगतोय. तो आमच्याशी गुजराती-हिंदी मिसळून बोलत होता आणि आजींना त्यातलं अर्धंच कळत होतं. शेवटी त्यांनी सरळ त्यालाच विचारलं, "तुन्हं गाव कोनतं शे रे भाऊ?"

त्याने मागे वळून बघितलं आणि त्याच्या डांगीत उत्तर दिलं. आजींनी पुढचं विचारलं. त्याने पुढचं सांगितलं. पाच मिनिटं दोघं बोलत होती आणि आम्ही तेरा जण ऐकत होतो. सगळं एकसारखं नव्हतं. काही शब्द त्यांनी एकमेकांना दोनदा विचारले. पण संवाद अडला नाही. आजींची नात, बारावीतली, मला हळूच म्हणाली, "काका, आजीची भाषा इथे पण चालते?"

चालते, कारण तिथे जुनं नातं आहे. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीचा भिल्ली आणि खानदेशी बोलींचा खंड 1907 साली निघाला, त्यात डांगीची नोंद खानदेशीच्या घरात आहे. इंग्रजी अमलात डांगचा कारभार आधी खानदेशच्या कलेक्टरकडे होता, नंतर सुरतच्या कलेक्टरकडे गेला. आपल्या घरांचा प्रवास झाला तसाच, खानदेशाकडून सुरतेकडे! स्वातंत्र्यानंतर डांग मुंबई राज्यात होता. डांगी मराठीची की गुजरातीची, यावर 1950 च्या दशकात दोन्ही बाजूंनी जोरात भांडण झालं. 1 मे 1960 ला डांग गुजरातेत आला आणि ते भांडण कागदावर मिटलं. डांगी बोलणाऱ्याला मात्र तेव्हाही आणि आताही शाळेत दुसऱ्याचीच भाषा शिकावी लागते. आपल्या अहिराणीचंही तेच.

आजींनी त्याला मग विचारलं, तुमच्याकडे जुन्या गोटी सांगतात का? अहिराणीत गोट म्हणजे गोष्ट. तो म्हणाला, सांगतात, आम्ही 'गोठ' म्हणतो. या गोठींवर अजय स्करिया यांचं 'हायब्रिड हिस्टरीज' नावाचं इंग्रजी पुस्तक आहे, 1999 सालचं. डांगमधले म्हातारे लोक आपला भूतकाळ कसा सांगतात हे त्यात आहे. ते काळाचे दोन भाग करतात, 'मोगलाई' आणि 'मांदिनी'. आपण मराठीत 'मोगलाई माजली' म्हणतो तेव्हा अंदाधुंदी म्हणायचं असतं. डांगच्या गोठीत मोगलाई म्हणजे मोकळीकीचा काळ, जंगलात हवं तिथे राहावं, शिकार करावी, गिरास घ्यावा. आणि मांदिनी म्हणजे हद्दी मांडल्या गेल्या तो काळ, साहेबाचा, मोजणीचा, फॉरेस्ट खात्याचा. एकच शब्द, आपल्या तोंडी शिवी आणि त्यांच्या तोंडी हळहळ. ज्यांच्या गावांवर धाड पडली त्यांनी एक अर्थ ठेवला, ज्यांचं जंगल गेलं त्यांनी दुसरा.

मला वाटतं, हे ऐकल्यावर त्या रस्त्यावरचा प्रत्येक साग वेगळा दिसतो. ज्याला आपण निर्मनुष्य रान समजून फोटो काढतो ते कोणाचं तरी अंगण होतं, आणि कितीतरी घरांचं अजूनही आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर कसत असलेल्या जमिनीच्या पट्ट्यांसाठी डांगमध्ये अर्ज झाले, काहींना मिळाले, काही अजून फेऱ्या मारतात. आमचा गाईड हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. उलट जेवायच्या वेळी तोच आग्रह करत होता, नागलीची भाकर घ्या, उडदाची डाळ घ्या, बांबूचं लोणचं घ्या. डांगात आणि आसपास आदिवासी बायकांचे बचतगट जेवणघरं चालवतात, त्यांचं नाव 'नाहरी'. आपली न्याहारीच ना ती!

घरी आल्यावर एक फरक पडला. ती बारावीतली मुलगी आता आजीजवळ बसून शब्द लिहून घेते. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, असे दोनशेच्या वर झालेत. आधी हीच मुलगी मैत्रिणी आल्या की आजीला आतल्या खोलीत बसायला सांगायची. कोणी तिला उपदेश केला नव्हता. आजीच्या भाषेला दीडशे किलोमीटरवर एक अनोळखी माणूस उत्तर देतो, एवढं तिने बघितलं होतं.

जाणार असाल तर थोडं सांगून ठेवतो. पावसाळा संपता संपता जा, श्रावणात रस्ते निसरडे आणि नाले भरलेले असतात. पहाटे पाचला कोसाड सोडा म्हणजे उन्हं चढायच्या आत जंगलात असाल. रोख पैसे ठेवा, मोबाईलला रेंज नसते. अभयारण्याची परवानगी आधी विचारून घ्या. गाडीत मोठ्याने गाणी लावू नका. गाईड गावातलाच घ्या, आणि त्याला ठरल्यापेक्षा थोडे जास्तच द्या. धबधबा, पॉइंट हे तो दाखवेलच, पण त्याला एखादी गोठ विचारा.

आणि घरातल्या आजी-आजोबांना मागच्या सीटवर नको, त्याच्या शेजारी बसवा.