शलाका आणि दृष्टी

मनुष्याला दिसते कसे, या प्रश्नाचा ऊहापोह करणाऱ्या ग्रंथांत तत्त्ववेत्त्यांची आणि गणितज्ञांची नावे मोठ्या मानाने घेतली जातात. पण मोतीबिंदूने आंधळ्या झालेल्या माणसाला समोर बसवून, त्याच्या डोळ्यात शलाका घालून, प्रकाशाच्या वाटेतला अडसर बाजूला सारणारे जे वैद्य दीड-दोन हजार वर्षे हिंदुस्थानात, मिसर देशात आणि युरोपात आपला हुन्नर चालवीत आले, त्यांची आठवण त्या ग्रंथांत क्वचितच निघते. हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. पाहण्याचे स्थान बुबुळामागच्या भिंगात नाही, आणि डोळा उघडला म्हणजे जग आपोआप दिसू लागते असेही नाही, ते पाहावयास शिकावे लागते, या दोन गोष्टी आज आपण निःशंकपणे मानतो. त्या दोहोंचा पहिला भक्कम पुरावा या वैद्यांच्या हाताखालून गेलेल्या डोळ्यांनीच दिला.

या क्रियेचे सर्वांत तपशीलवार प्राचीन वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. कफजन्य लिंगनाशाचा, म्हणजे मोतीबिंदूचा, रोगी निवडावा, फार उष्ण नाही आणि फार शीतही नाही असा काळ पाहावा, रोग्याला स्नेहन व स्वेदन करून बसवावे आणि त्याला स्वतःच्या नाकाकडे टक लावून पाहावयास सांगावे. मग डाव्या डोळ्यासाठी उजव्या हाताने आणि उजव्या डोळ्यासाठी डाव्या हाताने, काळे बुबुळ व रक्तवाहिन्या टाळून, अपांगाच्या, म्हणजे डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या, बाजूने यवाच्या टोकासारख्या अग्राची शलाका आत घालावी, असा तो विधी आहे. वेध बरोबर झाला की थेंबभर द्रव बाहेर येतो आणि बारीकसा आवाज होतो, इतकी सूक्ष्म खूण संहिताकाराने नोंदविली आहे. त्यानंतर स्त्रीच्या दुधाने डोळा शिंपावा, अग्राने दृष्टिमंडल खरवडावे, रोग्याने विरुद्ध बाजूची नाकपुडी दाबून जोराने श्वास टाकावा, आणि समोरची रूपे दिसू लागली की शलाका हळूहळू काढून घ्यावी. पुढे तुपाने माखून पट्टी बांधावी व दहा दिवस ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे, अंग हलविणे या सर्वांचा निग्रह करावा. शलाका आठ अंगुळे लांब, मध्यभागी सूत गुंडाळलेली, दोन्ही टोके कळीच्या आकाराची, आणि तांब्याची, लोखंडाची वा सोन्याची असावी, असेही सांगितले आहे. मधले ते सूत हातात शलाका निसटू नये म्हणून असले पाहिजे, आणि ज्याने हे लिहिले त्याने स्वतः शलाका धरलेली होती याविषयी मला तरी शंका वाटत नाही.

हाताला इतके कळत असताना बुद्धी मात्र निराळ्या वाटेने चालली होती. आपल्याकडे न्याय आणि वैशेषिक दर्शनांनी चक्षुरिंद्रिय तैजस, म्हणजे तेजाचे बनलेले, मानले, त्यातून किरण निघून विषयाला जाऊन भिडतात असा प्राप्यकारित्वाचा सिद्धांत मांडला, आणि बौद्ध व जैन तार्किकांनी तो शतकानुशतके खोडून काढला; ग्रीक पंडितांतही डोळ्यातून किरण बाहेर पडतात असे मानणारा प्रबळ पक्ष होता. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याने डोळ्यातील भिंग हेच पाहण्याचे मुख्य साधन ठरविले, आणि मोतीबिंदू म्हणजे भिंगाच्या पुढे साचलेला दूषित द्रव, अशी व्याख्या त्यातूनच निघाली. ज्या भिंगावाचून दिसणेच शक्य नाही ते भिंगच वैद्य खाली ढकलीत असेल आणि तरीही रोग्याला दिसू लागत असेल, ही गोष्ट त्या सिद्धांतात बसणारी नव्हती. म्हणून शलाकेखाली जे सरकते ते भिंग नव्हे, असे मानणे भाग पडले. सुमारे पंधरा शतके वैद्यांच्या हाती रोज येणारा दाखला ग्रंथाच्या धाकाने असा उलटा वाचला गेला.

या संदर्भात अकराव्या शतकाच्या आरंभीचे कैरो शहर माझ्या डोळ्यांपुढे वारंवार उभे राहते. फातिमी खलिफा अल-हाकिम याच्या अमदानीत बसऱ्याचा इब्न अल-हैसम आणि मोसुलचा वैद्य अम्मार हे दोघेही त्या शहरात होते. इब्न अल-हैसमने आपल्या प्रकाशशास्त्रावरील महाग्रंथात डोळ्यातून किरण निघतात हे मत मोडून काढले. प्रखर प्रकाशाकडे पाहिल्यास डोळा दुखतो, म्हणजे काहीतरी बाहेरून आत येते, असा त्याचा साधा पण न टळणारा युक्तिवाद होता, आणि पाहण्यात स्मृती व अनुमान यांचाही वाटा असतो हे त्याने आपल्या पूर्वीच्या पंडितांपेक्षा स्पष्टपणे सांगितले. अम्मारने पोकळ सुई करून मऊ मोतीबिंदू शोषून काढण्याची युक्ती शोधली. परंतु भिंग हेच संवेदनेचे स्थान, ही गेलेनची शिकवण इब्न अल-हैसमलाही सोडविली नाही. त्याच शहरात शोषून काढलेल्या मोतीबिंदूंचा दाखला उपलब्ध असूनही ग्रंथ आणि सुई यांची गाठ पडली नाही.

ती पडावयास अठरावे शतक उजाडावे लागले. त्याआधीच १६०४ मध्ये खगोलवेत्ता केप्लरने गणिताने दाखवून दिले की भिंग केवळ किरण एकत्र आणते, आणि बाह्य जगाचे उलटे चित्र मागच्या पडद्यावर उमटते. त्या उलट्या चित्राचे पुढे काय होते याचा निवाडा त्याने निसर्गतत्त्वज्ञांवर सोपविला. वैद्य मात्र जुन्याच समजुतीला धरून राहिले, आणि सतराव्या शतकाच्या मध्यावर काहींनी खरी गोष्ट सांगूनही तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १७०५ मध्ये फ्रान्समधील लष्करी वैद्य मिशेल ब्रिसो याने मोतीबिंदू असलेल्या एका मृत सैनिकाच्या डोळ्यावर नेहमीची शलाकाक्रिया केली व लगेच तो डोळा चिरून पाहिला, तेव्हा खाली जाऊन पडलेला पदार्थ म्हणजे अपारदर्शक झालेले भिंगच होते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने हे प्रथम मानले नाही. परंतु मेत्र-जाँ या दुसऱ्या वैद्याचेही तेच म्हणणे पडले, आणि काही वर्षांतच विद्वानांना हार मानावी लागली. भिंग सरले आणि दृष्टी उरली, तेव्हा दृष्टीचे ठिकाण आणखी आत शोधणे प्राप्त झाले.

किती आत, हे दुसऱ्या एका शलाकेने दाखविले. डब्लिनचा विल्यम मॉलिन्यू याची पत्नी अंध झाली होती. त्याने १६८८ मध्ये तत्त्ववेत्ता लॉक याला असे विचारले की, जन्मांध मनुष्याला स्पर्शाने गोल आणि घन ओळखता येत असतील, आणि त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता नुसत्या पाहण्याने तो ते ओळखील काय? दोघांचेही उत्तर नकारार्थी होते, पण ते तर्काचे उत्तर होते. १७२८ मध्ये लंडनचा शस्त्रवैद्य विल्यम चेसल्डन याने तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची कैफियत प्रसिद्ध केली. हा मुलगा जन्मतः, अथवा आठवत नाही इतक्या लहानपणी, आंधळा झालेला होता. शलाकाक्रियेनंतर त्याला दिसू लागले, तेव्हा प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्याला टेकली आहे असे त्याला वाटे. अंतर म्हणजे काय ते समजेना. मांजर कोणते आणि कुत्रा कोणता हे तो पुन्हा पुन्हा विसरे, आणि विचारण्याची लाज वाटू लागल्यावर त्याने एकदा मांजराला धरले, हाताने चाचपून ओळखले, मग टक लावून पाहिले आणि यापुढे तुला ओळखीन असे म्हणून खाली सोडले. चित्रे त्याला दोन महिने नुसते रंगीत पृष्ठभाग वाटत. एके दिवशी त्यांत माणसे व वस्तू आहेत हे उमगले, तेव्हा त्याने त्यांना हात लावून पाहिला, तो सपाटच लागला, आणि खोटे कोण बोलते, हात की डोळा, असा प्रश्न त्याने केला. आईच्या घड्याळातील वडिलांचे चिमुकले चित्र पाहून एवढा मोठा चेहरा एवढ्याशा जागेत मावला कसा, याचेही त्याला नवल वाटले. या विषयावर लिहिलेल्या कित्येक जाडजूड ग्रंथांपेक्षा या मुलाची ही अल्पशी हकीगत मला अधिक मोलाची वाटते.

पुढे फ्रेंच शस्त्रवैद्य दाव्हिएल याने भिंग खाली न ढकलता डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत १७५३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि शलाकेचा काळ युरोपात हळूहळू ओसरला. हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८१९ मध्ये मद्रासला नेत्ररुग्णालय काढले. त्याच सुमारास तंजावरच्या मराठी दरबारात दुसरे सरफोजी राजे, १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेल्यावर, ग्रंथसंग्रहात व वैद्यकात रमले होते. त्यांच्या पदरी झालेल्या नेत्रोपचारांच्या रुग्णवार नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केल्या आहेत, आणि मराठी वाचकाला त्यांचा अभिमान वाटावा असाच तो ठेवा आहे. गावोगाव फिरणारे वैद्य मात्र विसाव्या शतकातही शलाका चालवीतच होते. ती शलाका उकळलेली नसे, वैद्य बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई, आणि मागे पुष्कळांचे डोळे पिकून कायमचे जात. मद्रासच्या नेत्ररुग्णालयाचा प्रमुख रॉबर्ट एलियट याने असे बिघडलेले डोळे जमवून, कापून, तपासून त्यांवर १९१८ च्या सुमारास स्वतंत्र ग्रंथ लिहिला. संहितेतली दहा दिवसांची शुश्रूषा गळाली आणि नुसती सुई उरली, ही या हुन्नराची शोकांतिका होय.

मॉलिन्यूच्या प्रश्नाचे काटेकोर उत्तर शेवटी आपल्याच देशात मिळाले. मेंदूसंशोधक पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत ज्यांच्यावर दृष्टी देणारी शस्त्रक्रिया झाली अशा ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच जन्मांध मुलांची परीक्षा घेतली व तिचा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केला: हाताने ओळखलेला आकार त्यांना प्रथम डोळ्यांनी ओळखता आला नाही, परंतु काही दिवसांतच ती ओळख जमू लागली. मेंदू उशिराही पुष्कळ शिकतो. तथापि बारीक अक्षर वाचण्याइतकी तीक्ष्ण दृष्टी फार उशिरा उघडलेल्या डोळ्याला सहसा लाभत नाही, कारण तिचा पाया बालपणाच्या पहिल्या काळातच घातला जातो. म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे, की घरातल्या किंवा शेजारच्या तान्ह्या बाळाच्या बाहुलीत पांढुरकी झाक दिसली, तर मूल मोठे होऊ द्या असे म्हणणाऱ्यांचे न ऐकता त्याला त्याच आठवड्यात नेत्रवैद्याकडे न्यावे.