एका वर्षाची नोंद : १९४३ मधील सातारा आणि ‘दहशतवाद’ या संज्ञेची मर्यादा

प्रस्तावना

एका वर्षात जगभर किती दहशतवादी हल्ले झाले व त्यांत किती माणसे बळी पडली, याचे वार्षिक ताळेबंद गेल्या काही दशकांत नियमितपणे प्रसिद्ध होत आले आहेत. इतिहास, राज्यशास्त्र व संरक्षणशास्त्र या विषयांच्या अध्यापनात हे आकडे सर्रास वापरले जातात. परंतु हे आकडे वाटतात तेवढे भक्कम नसतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००३ या वर्षी १९० हल्ले झाले व ३०७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या असे नमूद केले होते. दोनच महिन्यांत ही संख्या दुरुस्त करून २०८ हल्ले व ६२५ मृत्यू अशी जाहीर करावी लागली. मेरीलँड विद्यापीठाच्या जागतिक दहशतवाद माहितीसंचात १९७० पासूनच्या घटना आहेत. मात्र मूळ नोंदी गहाळ झाल्यामुळे १९९३ हे वर्ष त्याच्या मुख्य संचात नाही. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील साखळी बॉम्बस्फोटांत २५७ व्यक्ती मरण पावल्या, हे लक्षात घेता ही उणीव महाराष्ट्राच्या अभ्यासकाला विशेष जाणवते.

मोजणीतील चूक दुरुस्त करता येते. त्याआधीचा प्रश्न अधिक अवघड आहे : मोजायचे काय? कोणत्या घटनेला ‘दहशतवादी कृत्य’ म्हणायचे आणि ते नाव कोणी द्यायचे? प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका वर्षाच्या व एका जिल्ह्याच्या मर्यादेत तपासला आहे. ते वर्ष १९४३ आणि तो जिल्हा तत्कालीन सातारा, म्हणजे आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांचा बराचसा भाग होय.

लेखाची उद्दिष्टे

१) दहशतवादाच्या कायदेशीर व्याख्येचा वसाहतकालीन संदर्भ स्पष्ट करणे.
२) १९४३ मधील सातारा जिल्ह्यातील भूमिगत कारवायांचे स्वरूप पाहणे.
३) त्याच वर्षीच्या जगातील अन्य प्रतिकारांशी त्यांची तुलना करून प्रतिकार व दहशत यांतील भेदाचे निकष मांडणे.

व्याख्येचा इतिहास

ऑक्टोबर १९३४ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर व फ्रेंच परराष्ट्रमंत्री बार्थू यांचा बळी गेला. या घटनेनंतर राष्ट्रसंघाने हा प्रश्न हाती घेतला आणि १९३७ मध्ये दहशतवाद प्रतिबंधासाठी एक आंतरराष्ट्रीय करार तयार केला. राज्यसंस्थेच्या विरोधात केलेली व व्यक्तींच्या, समूहांच्या किंवा सर्वसामान्य जनतेच्या मनात दहशत निर्माण करण्याचा हेतू असलेली गुन्हेगारी कृत्ये, असा त्यातील व्याख्येचा आशय होता. २४ देशांनी करारावर सह्या केल्या. परंतु त्याला रीतसर मान्यता देणारा देश एकच निघाला आणि तो म्हणजे भारत. अर्थात १९४१ मध्ये ही मान्यता भारतीय जनतेने नव्हे, तर येथील ब्रिटिश सरकारने दिली होती. पुरेशा देशांची मान्यता न मिळाल्याने करार कधीच अमलात आला नाही.

ही तांत्रिक बाब वाटत असली तरी ती बोलकी आहे. दुसऱ्याच्या भूमीवर राज्य करणाऱ्या सत्तेला अशा व्याख्येची निकड सर्वाधिक भासली. शिवाय या व्याख्येत दहशत नेहमी राज्याच्या विरोधात असते. राज्याने प्रजेवर बसवलेली दहशत तिच्या कक्षेतच येत नाही. स्वतंत्र भारतानेच १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात सर्वंकष दहशतवादविरोधी कराराचा प्रस्ताव मांडला. तोही मुख्यत्वे व्याख्येच्या वादामुळे अद्याप संमत झालेला नाही. परकीय सत्तेविरुद्धच्या लढ्याला या व्याख्येतून वगळायचे की नाही, हा त्या वादाचा एक प्रमुख मुद्दा आहे. साताऱ्याचा इतिहास नेमका याच मुद्द्याशी येऊन भिडतो.

पार्श्वभूमी : १९४२ चे मोर्चे

तत्कालीन सातारा जिल्ह्यात कऱ्हाड, पाटण, वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा इत्यादी भाग मोडत. १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. ब्रिटिश मुलखात औंध, सांगली, मिरज इत्यादी संस्थानांची गावे विखुरलेली होती. १९३९ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी प्रजेला राज्यकारभाराचे अधिकार देणारी घटना स्वीकारली होती. कुंडल हे औंध संस्थानातील गाव चळवळीचे केंद्र बनले, त्यामागे संस्थानी हद्दीचा हा आडोसाही होता.

८ ऑगस्ट १९४२ च्या ‘छोडो भारत’ ठरावानंतर जिल्ह्यात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबर रोजी तासगावचा मोर्चा शांततेत पार पडला. मात्र ९ सप्टेंबरला वडूज येथे व १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे पोलिसांनी गोळीबार केला. वडूजला परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी हुतात्मे झाले. नि:शस्त्र मोर्चावर गोळी चालते, हा अनुभव घेऊन तरुण भूमिगत झाले. १९४३ मधील घटनांचा विचार करताना हा क्रम विसरता येत नाही. घटनांची वार्षिक यादी नेमका हाच क्रम तोडते. यादीत १९४३ ची गाडी अडवल्याची नोंद येईल, १९४२ चा गोळीबार मागच्या पानावर राहील.

१९४३ मधील घटना

तारा तोडणे, टपालाच्या थैल्या पळवणे, चावड्यांतील दप्तरे जाळणे आणि सरकारी बंगल्यांना आगी लावणे हे प्रकार १९४२ च्या अखेरीपासून सुरू झाले होते. १९४३ मध्ये त्यांना संघटित रूप आले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पुणे-मिरज मार्गावरील गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेण्यात आली. तुफान सेनेच्या या कारवाईत जी. डी. लाड व रामचंद्र श्रीपती लाड ऊर्फ कॅप्टन भाऊ अग्रभागी होते. रुळांवर दगड रचून गाडी थांबवण्यात आली आणि तिला मागे जाता येऊ नये म्हणून पाठीमागचा मार्गही रोखण्यात आला. ही लूट नव्हे, जनतेचेच पैसे आपण परत आणले, अशी कॅप्टन भाऊंची भूमिका अखेरपर्यंत राहिली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगलीचा तुरुंग फोडला. पाठलागात दोन सहकारी ठार झाले आणि स्वत: वसंतदादा गोळी लागून जखमी अवस्थेत पकडले गेले.

याच वर्षी नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार आकारास आले. किसन वीर, नाथाजी लाड, नागनाथ नायकवडी, पांडू मास्तर अशा कार्यकर्त्यांनी गटवार कामे वाटून घेतली. गावोगावी न्यायदान मंडळे स्थापन झाली. जमिनीचे तंटे, सावकारी, दारूबंदी, अल्प खर्चातील ‘गांधी विवाह’ आणि दरोडेखोरांचा बंदोबस्त ही कामे या यंत्रणेने केली. पुढच्या वर्षी, १४ एप्रिल १९४४ रोजी, खानदेशात चिमठाण्याजवळ धुळ्याचा सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना ताब्यात घेण्यात आला. या कामी साताऱ्याच्या कार्यकर्त्यांना डॉ. उत्तमराव पाटील व लीलाताई पाटील यांचे साहाय्य होते.

ब्रिटिश प्रशासनाच्या दृष्टीने हे सर्व ‘दरोडे’, ‘जाळपोळ’ व ‘गुंडगिरी’ या सदरांत मोडणारे गुन्हे होते. दप्तराच्या रकान्यात गाडी अडवल्याची नोंद होते, पण त्याच माणसांनी गावात एखाद्या शेतकऱ्याची गहाण जमीन सोडवून दिली याला रकाना नसतो.

त्याच वर्षीचे जग

१९४३ मध्ये असा प्रतिकार करणारे सातारकर एकटे नव्हते. फेब्रुवारीत नॉर्वेच्या तरुणांनी व्हेमॉर्क येथील जड पाण्याचा प्रकल्प निकामी केला. एप्रिल-मे मध्ये वॉर्साच्या ज्यू वस्तीने सशस्त्र उठाव केला. मे महिन्यात जाँ मूलँ यांनी फ्रान्समधील विखुरलेल्या प्रतिकार गटांची राष्ट्रीय परिषद एकत्र आणली. नोव्हेंबरमध्ये युगोस्लाव्हियातील यायत्से गावी टिटोच्या सैनिकांनी युद्ध चालू असतानाच पर्यायी शासनाची घोषणा केली. भारतात मिदनापूर जिल्ह्यातील तामलुक येथे डिसेंबर १९४२ मध्ये स्थापन झालेले ताम्रलिप्त जातीय सरकार १९४३ मध्येही कार्यरत होते.

सत्ताधाऱ्यांच्या शब्दयोजनेतही साम्य आढळते. हिमलरने १९४२ मध्येच ‘पार्टिझन’ हा शब्द टाळून ‘डाकू’ हा शब्द वापरण्याचा आदेश दिला होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये मानुशियाँ गटाला मृत्युदंड देताना ‘गुन्हेगारांची सेना’ म्हणून त्यांची छायाचित्रे असलेली लाल भित्तिपत्रके फ्रान्समध्ये लावण्यात आली. ब्रिटन स्वत: युरोपातील अशा कारवायांना शस्त्रे, पैसा व प्रशिक्षण पुरवत होते. रुळांवर अडथळा फ्रान्समध्ये घातला तर ते शौर्य आणि शेणोलीला घातला तर तो दरोडा, असा हा न्याय होता. ब्रिटिश व नाझी राजवटी एकसारख्या होत्या असा याचा अर्थ नव्हे. संज्ञा देण्याची रीत तेवढी सारखी होती.

त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मरण पावली, असे अभ्यासकांचे अंदाज आहेत. सरकारी धोरणाचा त्यातील वाटा मोठा होता. हिंसेच्या कोणत्याही वार्षिक यादीत या मृत्यूंना स्थान नाही.

प्रतिकार व दहशत : तीन निकष

संज्ञा सत्ताधारी ठरवतात, एवढ्यावर थांबणे मात्र धोक्याचे आहे. तसे केल्यास कोणताही खुनी स्वत:ला क्रांतिकारक म्हणवून घेऊ शकेल. म्हणून कृत्यातूनच तपासता येतील असे तीन निकष येथे सुचवले आहेत.

पहिला निकष लक्ष्याचा. शेणोलीला गाडी अडवली ती तिच्यातील सरकारी रकमेसाठी. प्रवासी हे लक्ष्य नव्हते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत झालेल्या स्फोटांत १८० हून अधिक माणसे मरण पावली; तेथे प्रवासी हेच लक्ष्य होते. दोन्ही घटना रेल्वेतील असल्या तरी त्यांना एका रकान्यात बसवणे म्हणजे मेलेल्यांवर व लढलेल्यांवर सारखाच अन्याय करणे होय.

दुसरा निकष उत्तरदायित्वाचा. प्रतिसरकारचे कार्यकर्ते ज्या गावांत लपत, त्याच गावांतील होते. त्यांना भाकरी देणाऱ्या बायका व निरोप पोहोचवणारी मुले त्यांना ओळखत होती. गावाने पाठ फिरवली असती तर चळवळ अल्पावधीत संपली असती.

तिसरा निकष पर्यायाचा. मोडलेल्या व्यवस्थेच्या जागी काय उभे केले? साताऱ्यात याचे उत्तर न्यायदान मंडळे हे होते. ज्याला भयापलीकडे काही उभारायचे नसते, त्याच्याजवळ असे उत्तर नसते.

खटकणारी बाजू

याच निकषांवर प्रतिसरकारचे सर्व वर्तन उतरते काय? येथे अभ्यासकाने गौरवाच्या भरात डोळेझाक करू नये. फितुरांना व गावगुंडांना तळव्यांवर मारण्याची शिक्षा दिली जाई. पायाला पत्री ठोकतात ही कथा पसरली व ‘प्रतिसरकार’चे ‘पत्री सरकार’ झाले. शिक्षा प्रत्यक्षात काठीची होती, असे कार्यकर्त्यांनी नंतर सांगितले. पण पत्रीच्या कथेचा धाक चळवळीला उपयोगी पडला, हेही खरे. काही फितूर मारले गेले. आरोपीला बचावाची संधी किती मिळाली, वैयक्तिक वैराने कोणी ‘फितूर’ ठरला काय, हे प्रश्न रास्त आहेत. दहशत निर्माण करणे हा व्याख्येचा गाभा मानला, तर चळवळीचा हा भाग तिच्या अगदी जवळ जातो.

नेत्यांनाही हा ताण जाणवत होता. ऑगस्ट १९४४ मध्ये गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. अन्यत्र अनेकांनी तो मानला. साताऱ्याने मानला नाही. त्यानंतरही किंमत मोजावी लागली. २५ फेब्रुवारी १९४५ रोजी मणदूरजवळच्या चकमकीत किसन अहीर व नानकसिंग हुतात्मे झाले. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर नाना पाटील उघडपणे जनतेसमोर आले व प्रतिसरकारचे काम थांबले. लढा संपताच शस्त्र खाली ठेवले गेले आणि अनेक कार्यकर्ते सहकार, शिक्षण व निवडणुकीच्या राजकारणात उतरले, ही बाब तिसऱ्या निकषाच्या बाजूने मोठा पुरावा ठरते.

निष्कर्ष

१) दहशतवादाची कायदेशीर व्याख्या वसाहतकाळात राज्याच्या बाजूने घडली, राज्याची स्वत:ची दहशत तिच्या कक्षेबाहेर राहिली.
२) घटनांची वार्षिक यादी कारण व परिणाम यांची साखळी तोडते. १९४२ चा वडूज वगळून १९४३ चे शेणोली समजत नाही.
३) लक्ष्य, उत्तरदायित्व व पर्याय या निकषांवर सातारचे प्रतिसरकार मुख्यत: प्रतिकार ठरते, निरपराधांच्या सामूहिक हत्येशी त्याची तुलना होऊ शकत नाही.
४) मात्र शिक्षांचा भाग या निष्कर्षाला अपवाद म्हणून नोंदवला पाहिजे. तो झाकल्यास निकषांचाच अर्थ उरत नाही.

आपल्या महाविद्यालयांत ‘दहशतवाद’ हा घटक एका अभ्यासपत्रिकेत व ‘प्रतिसरकार’ दुसऱ्या अभ्यासपत्रिकेत शिकवले जाते. दोन्ही वर्गांत बसणारा विद्यार्थी एकच असतो. कुंडल, वाळवा किंवा वडूज येथून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी कदाचित या चळवळीत पणजोबांनी तुरुंग भोगल्याची आठवण असेल, कदाचित कोणा नातलगाच्या तळव्यांवर बसलेल्या काठ्यांचीही असेल. या दोन्ही आठवणींना सामावून घेईल असे उत्तर त्याला वर्गात मिळाले पाहिजे. त्यासाठी हे दोन घटक शेजारी ठेवून शिकवणे आवश्यक आहे.