आकड्यांतला तारपा

डहाणू रोडहून भल्या पहाटे मुंबईकडे निघणाऱ्या लोकलमध्ये तुम्ही बसलात, तर एक गोष्ट सहज नजरेस येईल. दर बाकावर दोघे-तिघे तरी कानाला काही ना काही लावून बसलेले असतात. कोणी अभंग ऐकतो, कोणी बातम्या, कोणी सिनेमातली गाणी. ही लोकल आमच्या गावापर्यंत येऊ लागली २०१३ मध्ये. कानाला यंत्र लावून ऐकण्याची रीत मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेतल्या युटा प्रांतातील नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने १९१० च्या सुमारास आपल्या घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून तेथल्या नौदलाला विकले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळच्या साध्या स्फटिक-संचावरही कानाला हेडफोन लावल्याखेरीज काही ऐकू येत नसे. म्हणजे बघा, रेडिओ घरभर बोलू लागण्यापूर्वी तो एकेकट्याच्या कानातच कुजबुजत होता.

इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय. लढाया आणि तह यांनाच इतिहास असतो असे नव्हे, घरातल्या वस्तूंनाही तो असतो, असे मी वर्गात नेहमी सांगतो. आज माझ्याच टेबलावरच्या एका वस्तूचा इतिहास सांगणार आहे. तिचे नाव डॅक. सीडीवर किंवा संगणकात गाणे साठवलेले असते ते आकड्यांच्या रूपाने. त्या आकड्यांचा पुन्हा विजेचा कमीजास्त होणारा प्रवाह करावयाचा आणि तो हेडफोनला पुरवावयाचा, एवढेच या पेटीचे काम. माझी पेटी मी दीड महिन्याच्या पगाराएवढे पैसे मोजून आणली. घरात गिलाव्याचे काम तुंबले होते, त्यामुळे या खरेदीवर घरातून काय अभिप्राय आला असेल, त्याची कल्पना वाचकांनीच करावी.

खरेदीला निमित्त होते एका कॅसेटचे. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा वारली विद्यार्थी माझ्या वर्गात होता. त्याचा आजा तारपा वाजवीत असे. पुष्कळ वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास कोणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर त्याचे वाजवणे उतरवून घेतले होते. आजा गेला, कॅसेट राहिली. ती कागदात गुंडाळून विद्यार्थ्याने वैशाखात माझ्या हाती दिली आणि म्हणाला, "सर, हे कॉम्प्युटरवर घालून द्याल का? आजा बोलतो ते सुरुवातीलाच आहे." मी म्हटले, "देतो की. पण आधी ऐकण्याचे यंत्र चांगले येऊ दे, मग नीट करू." या एका वाक्याची किंमत पुढे कळली.

आता आवाजाचे आकडे होतात कसे, ते पाहू. डहाणूच्या खाडीत एक खांब रोवला आहे आणि भरती-ओहोटीचे पाणी कोठवर आले याच्या खुणा तुम्ही त्यावर करता आहात, अशी कल्पना करा. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात. तुम्ही दर १२ तास २५ मिनिटांनी एकच खूण केलीत, तर साऱ्या खुणा जवळजवळ एकाच उंचीवर येतील आणि समुद्र हलतच नाही असे वाटेल. पण एका फेरीत दोहोंपेक्षा अधिक खुणा केल्यात, की पाणी मधल्या वेळात कसे चढले-उतरले तेही त्या खुणांवरून काढता येते. आवाजाचेही असेच आहे. हवेच्या भरती-ओहोटीच्या खुणा पुरेशा दाट घेतल्या, तर मधले काही हरवत नाही. या तत्त्वाचा पाया हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये घातला. रशियात कोटेल्निकोव्ह यांनी १९३३ मध्ये आणि अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये ते रीतसर मांडले. दरम्यान १९३७ मध्ये ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने पॅरिसमध्ये काम करीत असता, टेलिफोनवरचे बोलणे आकड्यांत घालून पाठवण्याची युक्ती काढली. मौज अशी की, ती अमलात आणण्यास इतक्या रेडिओ-व्हाल्व्हची गरज होती की, ट्रान्झिस्टर येईपर्यंत ती बहुतांशी कागदावरच राहिली.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, म्हणून तिच्यावर सेकंदाला ४४,१०० खुणा ठेवल्या. प्रत्येक खूण ६५,५३६ पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आहे ते लिहिले. यालाच १६ बिट म्हणतात. त्याच वर्षी डॅकचा झगडा सुरू झाला. सोनी कंपनीच्या पहिल्या यंत्रात एकच डॅक होता आणि तो आळीपाळीने डाव्या-उजव्या कानाचे काम करी. फिलिप्सने दोन कानांना दोन डॅक दिले. ते १४ बिटांचेच होते, पण खुणांचा वेग चौपट करून तूट भरून काढली होती. कोणाचे चांगले, हा वाद त्या दिवसापासून जो सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

आजच्या भारी डॅकच्या जाहिरातीत २४ बिट लिहिलेले असते. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्या. काही कंपन्या यासाठी विद्युत्-रोधकांची शिडी रचतात. परंतु एक कोटी सदुसष्ट लाखांत एकाचीही चूक न करणारा रोधक कोणत्या कारखान्यात बनणार? उत्तमातली उत्तम यंत्रेही प्रत्यक्षात २०-२१ बिटांच्या आसपास थांबतात. पुढे विजेची स्वतःचीच सळसळ सुरू होते. उलट, सीडीचे १६ बिट तर हजार रुपयांच्या आत मिळणारा, पण नीट बनवलेला छोटा डॅकही बहुतेक सांभाळतो. मग दीड महिन्याचा पगार कशासाठी? आता तुम्ही म्हणाल, हे आधी का नाही सुचले? सुचले होते. पण यंत्र समोर असले की बुद्धी जरा बाजूला होते.

जूनमध्ये पेटी आली. पहिल्या रात्री मला वाटले की, गवयाच्या श्वासाची जागासुद्धा कळते आहे. चार दिवसांनी इतिहासाचा शिक्षक जागा झाला. पुराव्यावाचून विधान करू नये, हे मुलांना सांगायचे आणि आपण काय करायचे? तेव्हा रीतसर परीक्षा मांडली. पहिली अट म्हणजे दोन्ही यंत्रांचा आवाज सारखा करणे. किंचित मोठा आवाज नेहमी अधिक चांगला वाटतो, आणि या एका गोष्टीने आजवर कितीतरी जणांची फसगत झाली आहे. म्हणून एकच सूर वाजवून विजेचा दाब मीटरवर मोजला आणि दोहोंतला फरक एक टक्क्याच्या आत आणला. दुसरी अट म्हणजे कोणते यंत्र चालू आहे ते ऐकणाऱ्याला कळू न देणे. शेजारचा मुलगा पडद्याआड बसून नाणे उडवी आणि त्याप्रमाणे यंत्र जोडी. अशा १६ खेपा. निव्वळ नशिबाने १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचा संभव शंभरात चारांहून कमी, म्हणून १२ ही उत्तीर्णतेची रेघ ठरवली.

प्रथम घरच्या जुन्या संगणकाचे अंगचे भोक आणि नवी पेटी अशी जोडी लावली. १६ पैकी १६ बरोबर! त्या भोकातून गाण्याच्या विरामात बारीक कुरकुर येई, आणि माऊस हलवला की ती बदले. फरक खरा होता. नंतर हजार रुपयांच्या आतला छोटा डॅक आणि नवी पेटी अशी जोडी लावली. १६ पैकी ९. सारे भाद्रपद मी हीच परीक्षा निरनिराळ्या गाण्यांवर पुन्हा पुन्हा घेतली. रेघ एकदाही ओलांडली नाही. पेटीच्या बाजूने प्रामाणिकपणे एवढे मात्र सांगितले पाहिजे की, माझा ३०० ओहमचा हेडफोन छोट्या डॅकवर पुरेसा मोठा वाजत नाही, आणि पेटीवर हवा तेवढा वाजतो. म्हणजे पैसे गेले ते ताकदीसाठी, बारकाव्यासाठी नव्हेत.

असा फसणारा मी पहिलाच नव्हे. १९१५ पासून सुमारे दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगाव सभा भरवल्या. रंगमंचावर गायिका गात असे, शेजारी तिचीच तबकडी वाजे, मध्येच दिवे मालवत, आणि गायिका थांबून यंत्र कधी गाऊ लागले ते कळलेच नाही असे लोक सांगत. आज त्या तबकड्या ऐकल्या तर खरखर पहिल्या क्षणी कळते. मग त्या श्रोत्यांचे कान बिघडले होते काय? नव्हे. गायिका आपला आवाज यंत्राला जुळवून घेत असत, आणि लोकांना यंत्राच्या आवाजाची अजून ओळख नव्हती. अलीकडच्या परीक्षाही उद्बोधक आहेत. २००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी सीडीहून सरस समजल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रणांची अशीच पडद्याआडची परीक्षा घेतली. ५५४ खेपांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवल्याप्रमाणे. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ राईस यांनी १८ परीक्षांतल्या १२,५०० हून अधिक खेपा एकत्र केल्या, तेव्हा ५२ टक्क्यांच्या किंचित वर उत्तरे बरोबर निघाली. परंतु ज्यांना आधी ऐकण्याचे शिक्षण दिले होते, त्यांचे प्रमाण याहून स्पष्टपणे जास्त होते. या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला आश्विनात कळला.

दिवाळी जवळ आली आणि विद्यार्थ्याने कॅसेटची आठवण केली. कपाट उघडले, डबी काढली. वैशाखात दिलेली कॅसेट समुद्रकाठच्या चार महिन्यांच्या ओलीत तशीच पडली होती. फितीच्या बाहेरच्या वेढ्यांवर पांढरी बुरशी धरली होती. मी जपून सोडवू लागलो तरी वेढे एकमेकांना चिकटलेले, फीत चुरगळली आणि तुटली. सुरुवातीची काही मिनिटे गेली. विद्यार्थ्याने एवढेच विचारले, "बोलणं गेलं का, सर?" मी हो म्हणालो. त्याने तक्रार केली नाही. केली असती तर बरे वाटले असते. आजाने आपले नाव सांगितले होते, पाडा सांगितला होता, तारपा कोणाकडून शिकला तेही सांगितले होते. इतिहासाच्या शिक्षकाच्या हाती आलेले हे साधन, आणि त्याने ते कपाटात ठेवून चार महिने दोन पेट्यांतला नसलेला फरक शोधला.

उरलेली फीत साफ करून संगणकात उतरवली. तारपा तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. मध्ये वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, आणि सांधे मेणाने बुजवलेले. वाजवणारा गालात हवा राखून सूर तुटू देत नाही. नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात, रात्र सरते तरी फेर सुटत नाही. पूर्वीच्या तबकडीच्या एका बाजूवर मावत तीन-सव्वातीन मिनिटे. त्यात हा रात्रभराचा सूर कसा मावणार? डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांतून तारप्याचा फेर जगाने पाहिला. पण चित्रात सूर नसतो.

विद्यार्थ्याच्या कानावर मी हेडफोन ठेवला. प्रथम नवी पेटी जोडली होती. तो बराच वेळ डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "इथं हवा जाते, सर. आजाच्या भोपळ्याला चीर होती, ती मेणानं बुजवलेली. रात्री उशिरा मेण सुटायचं." मी ते ठिकाण दहा वेळा ऐकले होते, मला ती फितीची खरखर वाटली होती. मग त्याला न सांगता मी छोटा डॅक जोडला आणि तेच ठिकाण पुन्हा लावले. त्याने बोट वर केले, त्याच जागी. तो स्वतः तारपा वाजवतो. भोपळा कसा फुंकायचा हे त्याच्या गालांना माहीत आहे. जे मला दीड महिन्याच्या पगाराने ऐकू आले नाही, ते त्याला हजार रुपयांच्या आतल्या यंत्रातून ऐकू आले.

वाचकहो, डॅक घेऊ नये असे मी म्हणत नाही. संगणकाचे भोक कुरकुरत असेल तर साधा, चांगला डॅक जरूर घ्या. हेडफोन जड असेल तर ताकदीचा घ्या. पण घेण्यापूर्वी आवाज सारखा करून, डोळे झाकून ऐका. आणि त्याही आधी घरातली कपाटे उघडा. कोणाच्या तरी आजीच्या ओव्या, कोणाच्या आजोबांचे कीर्तन, एखाद्या पाड्यावरचा तारपा एखाद्या कॅसेटवर पडलेला असेल. आकडे बनवण्याचे काम आधी, आकड्यांचा आवाज करण्याचे नंतर. मागाहून कितीही भारी यंत्र आणले, तरी जे आकड्यांत उतरलेच नाही ते त्यातून वाजणार नाही.

उतरवलेल्या तारप्याच्या प्रती आता तीन ठिकाणी आहेत, त्यांतली एक त्या पाड्यावर. आजाचा तारपा कोणी शिकवला, हे विचारण्यासाठी विद्यार्थी आणि मी येत्या सुट्टीत गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाणार आहोत. या खेपेस रेकॉर्डर बरोबर नेणार आहे, आणि घरी परतल्यावर त्याच रात्री सारे उतरवून ठेवणार आहे.