माळवदाची माती

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून गेल्यावर नांदेड हादरले. केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात होते, तीव्रता ४.५ नोंदली गेली आणि काही मिनिटांत दुसरा, सौम्य धक्का बसला. आमच्या कॉलनीतली माणसे रस्त्यावर आली, एकमेकांना विचारू लागली, आणि चहाची वेळ झाली तशी घरात परतली. माझी आई मात्र आत आली नाही. ती घराला बाहेरून एक फेरी मारून आली, कोपऱ्यांवरून हात फिरवला, आणि मग म्हणाली, "भिंत धड आहे. आता छत बघून ये."

ज्या घराकडे ती अशा नजरेने पाहत होती ते घर सिमेंटचे आहे. ती नजर मात्र माळवदाच्या घरात घडलेली आहे. मराठवाड्यातील घरगुती चिंतेचा इतिहास लिहायचा झाला तर तो बहुधा या नजरेपासून सुरू करावा लागेल. राजकीय इतिहासात आपल्याकडे १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपते, १ मे १९६० ला महाराष्ट्र होतो, १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा होतो. घराच्या इतिहासात मात्र एकच तारीख आहे, ३० सप्टेंबर १९९३. त्या तारखेच्या अलीकडचे घर आणि पलीकडचे घर ही दोन वेगळी घरे आहेत.

अलीकडचे घर कसे होते, हे आज एम. ए. ला बसणाऱ्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. दख्खनच्या काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या भिंती. जाडी दोन-तीन फूट, कुठे त्याहूनही अधिक. खिडक्या जवळजवळ नाहीतच. उजेड यायचा तो दारातून आणि माळवदाला ठेवलेल्या साण्यातून. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा चिपा, आणि सर्वांवर मातीचा जाड थर. घराचे माप फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. "तीन खणाचं घर" म्हटले की ऐकणाऱ्याला त्या कुटुंबाची ऐपत, माणसांची संख्या आणि बळदात किती ज्वारी मावत असेल हे सारे एकदम कळे. दारातून आत शिरताना देवडी किंवा ढाळज, मग अंगण, मग ओसरी, मग माजघर. भिंतीत देवळ्या, देवळीत दिवा. परसदारी न्हाणी. शेजाऱ्यांची माळवदे एकमेकांना टेकलेली असत, त्यामुळे वाळवणावर लक्ष ठेवणाऱ्या बायकांना एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यासाठी गल्लीत उतरावे लागत नसे. गावाचा खरा, किमान बायकांचा तरी, रस्ता असा वरून जात होता.

या घराची भाषा जमिनीच्या भाषेशी जोडलेली होती. गावकीच्या जुन्या व्यवहारात शेतजमिनीला 'काळी' म्हणत आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी'. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, ती छतावर चालत नाही. माळवदाला लागते ती पांढरी माती. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या-बांधलेल्या घरांची, चुलींच्या राखेची, गावाच्या स्वतःच्याच झिजेची ती माती. गाव आपल्याच जुन्या देहाची माती डोक्यावर घेऊन जगत होते, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक विधान ठरणार नाही.

आता या लेखाच्या मूळ मुद्द्याकडे येतो. मातीचे छत गळते. म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, माळवद 'करावे' लागे. वर उगवलेले गवत उपटायचे, उंदरांची बिळे बुजवायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, पांढरी मातीच्या नव्या पाट्या वर चढवायच्या, पसरायच्या आणि धुमसाने चोपायच्या. हे काम टाळणारे घर आळशी समजले जाई. आमच्या आजीच्या लेखी सुनेची परीक्षा स्वयंपाकात होत नव्हती, पहिल्या पावसात माजघरात किती भांडी मांडावी लागली यावर होत होती.

पण दरवर्षी चढणारी माती दरवर्षी उतरत नसे. थरावर थर बसत गेला. ज्या घराची काळजी अधिक घेतली गेली, त्याचे छत अधिक जड झाले. एक साधा हिशेब करून पाहावा. एक घनफूट चोपलेली माती सुमारे पंचेचाळीस किलो भरते. अडीचशे चौरस फुटांच्या लहानशा घरावर एक फूट जाडीचा थर असेल, तर झोपलेल्या माणसांवर अकरा टनांहून जास्त माती तोललेली असते. अनेक घरांवरचा थर फुटाहून जास्तच होता.

१९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले होते. जमिनीखालून आवाज येतात, असे लोक सांगत होते. परंतु दख्खनचे पठार स्थिर आहे, हे शाळेत शिकवले जात होते आणि देशाच्या तत्कालीन भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढच्या वर्षी २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी धरणी हलली. औसा तालुक्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर ही नावे दुसऱ्या दिवशी जगभर पोचली. अधिकृत नोंदीनुसार मृतांची संख्या आठ हजारांच्या घरात होती, लोक ती दहा हजार सांगतात.

६ च्या थोड्या वर तीव्रतेचा हा भूकंप जगातील मोठ्या भूकंपांत मोडत नाही. मग इतकी माणसे का गेली? भूकंपाचे केंद्र उथळ होते आणि वेळ झोपेची होती, ही दोन कारणे खरी. तिसरे कारण घरात होते. दोन-तीन फुटी भिंत वस्तुतः एक भिंत नव्हती. आतली एक, बाहेरची एक अशा दोन पातळ भिंती आणि मधल्या पोकळीत दगड-मातीची भर, अशी ती रचना होती. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादऱ्याने आतले अंग आत आणि बाहेरचे बाहेर फुगले, भिंती सुटल्या, आणि ज्यांचे छत भिंतींवर टेकलेले होते ती घरे मातीसकट खाली आली. दगडाने जितकी माणसे मारली असतील, तितकीच धुळीने आणि गुदमरण्याने मारली असतील.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण लोकस्मृतीत ती पुसली गेली आहे. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांब-तुळयांच्या चौकटीवर पेललेला होता, त्यांतल्या काहींच्या भिंती ढासळूनही खण उभे राहिले आणि आतली माणसे वाचली. म्हणजे परंपरेतच एक शहाणपण होते आणि परंपरेतच एक चूकही होती. चांगले लाकूड महागले, तसे खांब कमी झाले आणि भार भिंतीवर गेला. गरिबाच्या घरात ही चूक जास्त असणार, हे उघड आहे. परंतु भूकंपानंतर लोकांनी जो निष्कर्ष काढला तो सरसकट होता. 'दगड-मातीनं मारलं.' त्या एका वाक्याने कित्येक शतकांची बांधकामविद्या एका पहाटेत बदनाम झाली.

त्यानंतरच्या घराचा इतिहास सरकारी कागदांत सापडतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचे माप आता खणांत नव्हते, चौरस फुटांत होते, आणि ते ठरले जमिनीच्या धारणेवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, आणि त्यापुढे ७५०. काळीचा सातबारा पांढरीवरच्या घराचे माप ठरवू लागला. अनेक गावांत एका मापाची घरे एका ओळीत आली. त्यामुळे भावकी तुटली, आळी मोडली, आणि जुन्या गावात दाराला दार लावून राहणारी माणसे आता रुंद, सरळ, निर्जन रस्त्यांच्या दोन टोकांना गेली. नवे गाव जुन्याच्या कित्येक पट पसरले. शेजारणीकडे विरजण मागायला जाणे ही आता वाट तुडवण्याची गोष्ट झाली.

जी गावे हलवली नाहीत, तेथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी मदत मिळाली. भिंतींत आरपार जोड घालावेत, दारांच्या वरच्या पातळीवर पट्टा बांधावा, माळवदावरची जादा माती उतरवावी, असे तंत्रज्ञ सांगत होते. सल्ला योग्य होता. पण ज्या भिंतीने शेजाऱ्याचे घर गिळले तिच्याखाली पुन्हा झोपायला कोण तयार होणार? बहुसंख्य कुटुंबांनी तो पैसा जुन्या घराशेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधण्यात घातला. तंत्रज्ञांना ही अडाणी भीती वाटली. मला ती त्या काळाची सर्वांत प्रामाणिक नोंद वाटते.

आमचे गाव लातूर जिल्ह्यातच, पण केंद्रापासून दूर. घराच्या ईशान्य कोपऱ्यात एक उभी भेग पडली, बाकी घर राहिले. मी तेव्हा नववीत होतो. दोन महिने आम्ही अंगणात झोपलो. १९९४ च्या उन्हाळ्यात वडिलांनी माळवद उतरवले. तीन खणांची माती बैलगाडीच्या चौदा खेपांत शेतात गेली. खेपा मी मोजल्या होत्या. शेवटच्या खेपेनंतर आजी ओसरीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "एवढं आपणच वर नेलं होतं?" त्या प्रश्नाला घरात कोणी उत्तर दिले नाही. तिने स्वतः पस्तीस वर्षे, दर मिरगाआधी, त्या पाट्या भरून दिल्या होत्या. घर गळू नये म्हणून. पांढरी त्या वर्षी काळीत मिसळली आणि घरावर पत्रे आले.

पत्र्याच्या घरात भूकंपाचे भय नव्हते, परंतु एप्रिल-मेमध्ये दुपारी आत थांबणे अशक्य झाले. माळवदाखालचा गारवा ही काय चीज होती, हे तो गेल्यावर कळले. पुढे ऐपतीप्रमाणे पत्र्यांच्या जागी स्लॅब आले. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांचे सागवानी खांब विकले गेले. त्यांतले काही आता शहरांतल्या उपाहारगृहांत शोभेला उभे आहेत.

घराबरोबर शब्दही गेले. वर्गात मी देवळी, ढाळज, बळद, साणे, धुमस हे शब्द फळ्यावर लिहितो तेव्हा लातूर-नांदेडचीच मुले त्यांचे अर्थ विचारतात. हे शब्द कोशात आहेत, जात्यावरच्या ओव्यांत आहेत, पण तोंडात नाहीत. महानुभावांच्या 'स्थानपोथी'ची आठवण या ठिकाणी होते. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, त्या जागा त्या ग्रंथाने दिशांसह नोंदवल्या. ते कशाकडे तोंड करून आहे, काय कशाच्या शेजारी आहे, हे लिहून ठेवण्याजोगे आहे असे सातशे वर्षांपूर्वी या भाषेला वाटले. ५२ गावांच्या बाबतीत आपण पंचनामे लिहिले, पाहणी अहवाल लिहिले. कोणाचे दार कोणत्या आळीत उघडत होते, याची स्थानपोथी लिहिली नाही. ती लिहू शकणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. मराठीच्या विभागांनी हाती घ्यावे असे याहून निकडीचे काम मला तरी दिसत नाही.

राहता राहिला आजच्या घराचा प्रश्न. २००२ साली भूकंप-नकाशा सुधारला गेला, सर्वांत कमी धोक्याचा जुना पट्टाच रद्द झाला आणि लातूर परिसर वरच्या वर्गात गेला. नांदेड शहराने २००६ नंतर काही वर्षे जमिनीखालचे आवाज आणि लहान हादरे अनुभवले. तरी आमची रोजची चिंता वेगळी आहे, ती पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी आले. ज्यांनी तो उन्हाळा काढला, त्यांनी त्यानंतर गच्चीवर टाक्या वाढवल्या. एकाची दोन, दोनाच्या तीन. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होते.

चांगला आखलेला स्लॅब हे वजन सहज पेलतो, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या कॉलनीत आधी घरे बांधली गेली, मग वरचा मजला आला, आणि नंतर टाक्या आल्या. प्रत्येक वेळी कारण काळजीचेच होते.

त्या सकाळी आईच्या सांगण्यावरून मी गच्चीवर गेलो. तिन्ही टाक्या आदल्या रात्री काठोकाठ भरलेल्या होत्या. खाली येऊन मी तिला सांगितले, वर सगळे ठीक आहे. ती म्हणाली, "ठीक असू दे. वर वजन किती आहे ते सांग."