तळटीप : ‘वाघाचा बिल्ला’

१२. वरळी कोळीवाड्यातल्या पत्र्याच्या पेटीत सापडलेला हा कापडी बिल्ला लेखकाने ‘ब्रह्मदेशातल्या आझाद हिंद फौजेचा’ म्हटला आहे. त्यांचेच वर्णन मात्र दुसरीकडे बोट दाखवते. ढालीचा आकार, केशरी-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांवर झेपावणारा वाघ, माथ्यावर रोमन लिपीत ‘फ्रायेस इंडिएन’ : हा जर्मन सैन्याच्या ९५० व्या रेजिमेंटचा. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून सुभाषबाबूंनी ती उभी केली. बिल्ला जर्मन गणवेशाच्या उजव्या बाहीवर शिवत.

नकला पुष्कळ. अतिनील प्रकाशात धागा निळसर चमकला तर संशय घ्यावा, कारण कापड उजळवणारी रसायने सर्रास आली ती युद्धानंतर. पण अस्सल बिल्लाही पुढे कधी धुण्याच्या पावडरीत पडला असेल तर चमकतोच. त्यापेक्षा उलटी बाजू आणि टाक्यांची भोके पाहावीत. गंज व खाऱ्या हवेचे डाग हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. कोळीवाड्यात ते दोन पावसाळ्यांत पडतात. शिवाय बिल्ला घरात आहे म्हणून घरचा माणूस त्या पलटणीत होता, हेही ठरत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या. तिकडून परतलेल्या एखाद्या शिपायाच्या सामानातूनही तो आला असेल. — संपा.